काट्यावरचा आकडा

मालट्रक रस्त्यात बंद पडला की क्लीनर खाली उतरतो. आधी मागच्या चाकांना दगड लावतो, मग वीस-पंचवीस पावले मागे जाऊन डांबरावर दगडांची रांग मांडतो आणि जवळच्या बाभळीची एखादी फांदी मोडून त्या दगडांत खोचतो. मागून येणाऱ्याला इशारा तेवढाच. चार-सहा तासांनी गाडी दुरुस्त होते आणि निघून जाते. दगड तिथेच राहतात. घाईत ते उचलायचे कुणाच्या लक्षात राहत नाही, फांदी वाऱ्याने उडून जाते, आणि रात्री एखादा दुचाकीवाला त्या दगडांवर आपटतो तेव्हा तो ट्रक दोन जिल्हे ओलांडून पुढे गेलेला असतो. त्या अपघाताच्या कागदांत ट्रकचा उल्लेख कुठून येणार?

आपल्या मालवाहतुकीचा सगळा हिशेब असाच चालतो. फायदा एकाच्या खिशात पडतो, भरपाई भलताच माणूस करतो, आणि आपण कुणाचे देणे फेडतो आहोत हे त्याला कळतही नाही.

सोलापूरच्या, नाशिकच्या, नागपूरच्या, कुठल्याही मोठ्या रस्त्याच्या कडेला तासभर उभे राहा. एका अंगाला कललेली गाडी दिसेल. तिचे त्या बाजूचे पाटे बसलेले असतात. गोटा झालेले टायर दिसतील, काहींच्या आतले दोरे बाहेर आलेले. मागचा फाळका कडीने बंद होत नाही म्हणून काथ्याच्या दोराने बांधलेला. मागच्या दिव्यांच्या जागी नुसत्या खोबण्या. फाळक्याच्या वर आणखी हातभर फळ्या ठोकून उंची वाढवलेली आणि त्या फळ्यांच्याही वर शिगोशीग भरलेली खडी, जिचे दाणे प्रत्येक खड्ड्याला मागच्यांच्या अंगावर उडतात. उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरला दोन ट्रेलर, त्यांच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली वाढी, आणि अंधारात त्या साऱ्या पसाऱ्याला एकही लाल दिवा नाही. हे इतके रोजचे आहे की आपण गाडी थोडी दाबून पुढे काढतो आणि विसरतो. आठवण राहिलीच तर ती चालकाची. हे लोक असेच, बेफिकीर, असे म्हणून आपण मोकळे होतो.

मला वाटते, या एका सवयीनेच सगळा प्रश्न झाकला आहे. रस्त्यावर दिसणाऱ्या ट्रकची अवस्था चालक ठरवत नाही. ती गाडी रस्त्यावर येण्याआधीच, जिथे माल भरला जातो आणि तोलला जातो तिथे ठरलेली असते.

त्याआधी ओझे म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. ‘जरा जास्त भरले’ हे शब्द फार सौम्य आहेत. समजा, भरलेला दहाचाकी ट्रक सगळा मिळून २८ टनांचा आहे आणि तो ३०० मीटर उंचीचा घाट उतरतो आहे. वरून खाली येताना त्याच्या वजनातून जी ऊर्जा मोकळी होते, ती कुठेतरी जिरावी लागते. इंजिनाने धरून ठेवले नाही तर ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. ही उष्णता साधारण २६० लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला पुरेल एवढी असते. त्याच गाडीत माल कोंबून एकूण वजन ४० टनांवर नेले तर पावणेचारशे लिटर. ही उष्णता सोसायची चाकांतल्या त्याच ड्रमांनी आणि त्याच लायनरांनी, जे २८ टनांच्या हिशेबाने बनवलेले आहेत. ड्रम तापून फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो. लायनरची पकड तापमानाबरोबर कमी होत जाते. आधीच झिजलेला, वेळेवर ॲडजस्ट न केलेला ब्रेक असेल तर चालक पाय पूर्ण दाबतो आणि गाडी मात्र वेग घेत राहते. एअर ब्रेकच्या गाडीत हे एका क्षणात ‘फेल’ होणे क्वचितच असते. ते वरच्या वळणापासून थोडेथोडे होत आलेले असते.

यावर उपाय जुना आणि प्रत्येक उस्तादाला ठाऊक असलेला आहे. ज्या गियरमध्ये चढलास त्याच गियरमध्ये उतर. इंजिन गाडीला मागे ओढते, ब्रेकला विसावा मिळतो. पण त्या उतारावर डिझेल वाचवायचे म्हणून गाडी न्यूट्रलला टाकली जाते. क्वचित इंजिनही बंद केले जाते; मग हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, ब्रेकची हवा उतरत जाते आणि स्टिअरिंग जड होते. पुण्यात नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे येणारा उतार या गोष्टीसाठी बदनाम झाला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड गाडीने पुढची कितीतरी वाहने चिरडत नेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथेच पुन्हा भीषण अपघात झाला, आग लागली, माणसे जळाली. ४ जुलै २०२३ रोजी मुंबई-आग्रा महामार्गावर धुळे जिल्ह्यात पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाटेतल्या गाड्यांना उडवत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसे गेली. प्रत्येक वेळी आपण रम्बलर बसवतो, वेगमर्यादा उतरवतो, फलक लावतो. ते करायलाच हवे. पण गाडी घाटमाथ्यावर पोहोचली तेव्हाच ती किती टनांची होती, हा प्रश्न बातमीत सहसा येत नाही.

चालक डिझेल का वाचवतो? मालक लायनर का बदलत नाही? दोन्हींचे उत्तर भाड्याच्या दरात आहे, आणि ते उत्तर कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे.

समजा, एका ट्रकला १६ टन माल नेण्याची परवानगी आहे आणि एका अंतरासाठी टनाला १,५०० रुपये भाडे आहे. खेपेचे २४,००० रुपये होतात. एक मालक २४ टन भरू लागतो, त्याला ३६,००० मिळतात. चार दिवस त्याचे बरे चालते. मग शेजारचा भरतो, त्याच्या शेजारचा भरतो. माल तेवढाच आणि गाड्यांची ताकद दीडपट, म्हटल्यावर दलाल आणि माल पाठवणारा दर खाली ओढतात. तो टनाला १,००० पर्यंत उतरला की २४ टनांचे पुन्हा २४,००० होतात. मालक जिथे होता तिथेच आला. फक्त आता त्याचे टायर लवकर झिजतात, पाटे तुटतात, डिझेल जास्त जळते. आणि जो अजूनही नियमाने १६ टनच भरतो, त्याच्या हातात १६,००० पडतात, ज्यात डिझेल, टोल, चालकाचा पगार आणि फायनान्सचा हप्ता बसत नाही. तो एक तर धंदा सोडतो, नाही तर फळ्या ठोकून फाळका उंच करतो. ओव्हरलोडचा फायदा ट्रकवाल्याला होतो, ही समजूत त्यामुळे अर्धीच खरी आहे. पहिल्या काही जणांना तो होतो. नंतर तो सगळा भाड्याच्या दरात विरघळून माल पाठवणाऱ्याकडे जातो आणि ट्रकवाल्याकडे उरते ते फक्त ओझे.

आपल्याकडचे बहुसंख्य ट्रकमालक एक-दोन गाड्यांचे धनी आहेत. कालपर्यंत ते स्वतः चालक होते, कित्येक अजूनही आहेत. त्यांना भाडे ठरवता येत नाही, मिळेल ते घ्यावे लागते. परतीचे भाडे मिळेपर्यंत ट्रान्सपोर्ट नगरात दोन-दोन दिवस गाडी उभी राहते. माल चढवण्या-उतरवण्याची वाराई द्यावी लागते, वाटेत ठिकठिकाणी ‘एंट्री’ द्यावी लागते, माल पोहोचवूनही पैसे महिन्या-दोन महिन्यांनी मिळतात. हप्ता मात्र ठरल्या तारखेला द्यायचा असतो. या सगळ्यात मालकाच्या हातात असलेली एकच गोष्ट म्हणजे देखभाल. ती आज केली नाही तर आज काही बिघडत नाही. म्हणून पैशाची ओढाताण सुरू झाली की पहिला वार तिच्यावर होतो. टायर आणखी एक खेप चालेल. लायनर पुढच्या महिन्यात. दिवा काय, दिवसा लागतो का?

शिरवळच्या अलीकडे रस्त्याकडेला एका गॅरेजवर मी एकदा पाटा बदलताना पाहिला आहे. गाडी कांद्याने भरलेली होती. माल उतरवून काम करायला ना वेळ होता ना हमालांचे पैसे. दोन जॅक, त्यांच्याखाली लाकडी ठोकळे, चेसिसखाली तिसरा ठोकळा, आणि त्या टांगत्या ओझ्याखाली वीस-बावीस वर्षांचा एक पोरगा पाठीवर सरपटत गेला. यू-बोल्ट इतके गंजलेले की पान्याला लोखंडी पाइप लावून दोघांनी जोर दिला तेव्हा पहिला हलला. सेंटर बोल्ट कापूनच काढावा लागला. थप्पीतले मधले दोन पाटे तुटलेले निघाले, एकाचा तुटका भाग जुना, गंजलेला. म्हणजे ती गाडी बऱ्याच दिवसांपासून तशीच चालत होती. नवा पाटा एकच आणला गेला. दुसऱ्याच्या जागी गॅरेजच्या ढिगातून भलत्याच गाडीचा पाटा काढून, घणाने वाक देऊन तो बसवला. वर एक पाटा जास्तीचा घातला, आणि तो का, हे विचारल्यावर मिस्त्रीने सरळ सांगितले की त्याशिवाय एवढे वजन पुढच्या हंगामापर्यंत टिकणार नाही. सगळे काम अडीच-तीन तासांत झाले. त्या माणसांच्या हातातले कसब खरे होते. घणाचा आवाज ऐकून पोलाद कुठे बसले ते त्यांना कळत होते.

या कसबाचा मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच त्याचा जो वापर आपण करून घेतो त्याची चीड येते. जास्तीचा पाटा ओझे कमी करत नाही, ते लपवतो. गाडी बसलेली दिसत नाही, म्हणून ती भरली आहे हे लांबून कळत नाही. ब्रेक, ॲक्सल आणि टायर मात्र तितकेच ताणले जातात. चेसिसला गेलेली चीर वेल्डिंगने भरली तर ती त्या दिवशी भरते, पण वेल्डिंगच्या तापाने शेजारचे पोलाद कमकुवत होते आणि पुढची चीर तिथूनच सुरू होते. रिमोल्ड टायर मागच्या जोडचाकांत चालतात, जगभर चालतात. तेच पुढच्या चाकाला चढवले आणि फुटले तर स्टिअरिंग हाताबाहेर जाते. तात्पुरती दुरुस्ती गॅरेजपर्यंत पोहोचण्यासाठी असते. आपल्याकडे ती गाडीचे आयुष्य संपेपर्यंत राहते, कारण गाडीला एक दिवस उभे राहायची सोय नाही. आपण याला ‘जुगाड’ म्हणून डोक्यावर घेतो, भारतीय कल्पकता म्हणून भाषणांत सांगतो. ज्याला त्या जुगाडाखाली सरपटत जावे लागते, त्याला कुणी विचारलेले नाही.

याला जुना इतिहासही आहे. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि पंधरा वर्षे त्या भागीदारीत ट्रक बनले. नंतर तेच साधे, दणकट यंत्र टाटांच्या नावाने देशभर पसरले. कुठल्याही तालुक्याच्या गावी उघडता येणारे, हातोडी-पान्याने जुळणारे ते इंजिन ही देशाची मोठी गरज होती. कंपनी चेसिस विकायची, बॉडी स्थानिक सुतार-लोहार बांधायचे. केबिनही पुष्कळदा लाकडीच. ज्या देशात सुटे भाग मिळायला आठवडे लागत, तिथे या व्यवस्थेने धान्य, कांदा, सिमेंट पोहोचवले, हे विसरता येणार नाही. पण तेव्हाच एक समज रुजला की गाडीवर लिहिलेला आकडा सरकारसाठी असतो आणि गाडीची खरी ताकद त्याच्या दीडपट. ग्राहक गाडी घेतानाच तो हिशेब धरून घेत असे, आणि विकणाऱ्यालाही तो ठाऊक होता.

रस्त्यालाही ओझे सोसावे लागते, आणि तिथला हिशेब आणखी कठोर आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक सतत फिरवून एक मोठी चाचणी घेतली गेली. त्यातून निघालेला आणि आजही रस्तेबांधणीत वापरला जाणारा ढोबळ नियम असा की रस्त्याची हानी ॲक्सलवरच्या वजनाच्या चौथ्या घातात वाढते. वजन दीडपट झाले की हानी सुमारे पाचपट, दुप्पट झाले की सोळापट. म्हणजे ज्या ट्रकच्या ॲक्सलवर दीडपट वजन पडते तो रस्त्याचे पाच ट्रकांएवढे नुकसान करतो. त्या रस्त्याला खड्डे पडतात, खड्ड्यांत पाटे तुटतात, तुटलेले पाटे बदलायला पैसे हवेत म्हणून पुन्हा जास्त भरायचे. रस्ता आपल्या करातून दुरुस्त होतो. स्वस्त वाहतुकीचे बिल आपण असे वेगळ्या खिडकीवर भरत असतो.

कायदा गप्प नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे, त्यातले कलम ११३ वजनाची मर्यादा घालते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ प्रमाणे जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही. नुसता दंड घेऊन जादा भारासकट गाडी सोडता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच बजावले होते. बारा टन जादा असतील तर दंड ४४,००० होतो. एका खेपेत एवढे भाडेही मिळत नाही. असा दंड प्रत्येक वेळी होणार असता तर ओव्हरलोड महिनाभरात थांबला असता. पण तो कधीतरी, कुठेतरी, कुणालातरी होतो. दंड जबर आणि त्याची खात्री नाही, अशा ठिकाणी दंडाऐवजी त्यातून सुटण्याचा भाव वाढतो. जप्त केलेला माल ठेवायला जागा नाही, उतरवायला हमाल नाहीत, नाशवंत असेल तर सडेल. तेव्हा तपासणाऱ्यालाही गाडी सोडणेच सोपे जाते. पासिंगची गोष्ट याहून वेगळी नाही. त्या दिवसापुरते चांगले टायर चढवायचे, दिवे जोडायचे, आणि परत आल्यावर उतरवायचे, हे कुठल्याही गॅरेजवाल्याला नवे नाही. यंत्रांनी तपासणी करणारी स्वयंचलित केंद्रे येत आहेत, त्यांचे स्वागतच केले पाहिजे. पण तपासणीच्या दिवशी ट्रक रिकामा असतो.

जुलै २०१८ मध्ये केंद्राने ॲक्सलवरची मर्यादाच वाढवली. चार टायरांच्या एका ॲक्सलला १०.२ टनांची परवानगी होती ती ११.५ झाली, सगळ्यात मोठ्या गाड्यांची एकूण मर्यादा ४९ वरून ५५ टनांवर गेली. नाहीतरी भरतातच, मग कायदेशीर करून टाकू, हा त्यामागचा एक विचार होता. यातून ओव्हरलोड संपेल अशी आशा ज्यांनी धरली त्यांनी वरचा दराचा हिशेब केला नसावा. मर्यादा वाढली की सगळ्यांची वाढते, दर पुन्हा त्या पातळीला बसतो, आणि नव्या मर्यादेच्याही वर भरण्याची गरज पूर्वीइतकीच उरते.

रस्त्यावर अडवून तपासण्याची पद्धत तर स्वतःच जीवघेणी ठरू शकते. १५ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटेपूर्वी समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ भाविकांची मिनीबस एका ट्रकवर मागून आदळली आणि १२ जणांचा जीव गेला. तो ट्रक परिवहन खात्याच्या अधिकाऱ्यांनी रस्त्यात थांबवला होता, असा आरोप होऊन त्यांच्यावर गुन्हा नोंदला गेला. शंभरच्या वेगाच्या रस्त्यावर अंधारात गाडी अडवून तिचे वजन विचारायचे कशाला? ते वजन आधीच लिहिलेले असते.

मला सांगायचे आहे ते हेच. ओव्हरलोड ही चोरून होणारी गोष्ट नाही. चालकाच्या खिशात काट्याची पावती असते. सिमेंटच्या कारखान्यातून, कोळशाच्या खाणीतून, धान्याच्या गोदामातून निघालेली गाडी वजनकाट्यावरून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही, कारण पैसे त्याच वजनावर द्यायचे-घ्यायचे असतात. रिकामी गाडी किती, भरलेली किती, निव्वळ माल किती, तारीख, वेळ, गाडीचा नंबर. गुन्ह्याचा एवढा नेटका, किलोपर्यंतचा पुरावा दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यात गुन्हेगार स्वतः छापून देतो? आंतरराज्य मालासाठी एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल आहे. पन्नास हजारांच्या वरच्या मालाचे प्रमाण आणि गाडीचा नंबर त्यात सरकारकडे जातो. त्या नंबरच्या गाडीला किती टनांची परवानगी आहे ते ‘वाहन’ या सरकारी नोंदीत आहे. दोन्ही आकडे सरकारपाशीच आहेत. करासाठी ही माहिती वापरली जाते, मग जिवासाठी का नाही?

काही मालांत पळवाट मापातच आहे. वाळू, खडी, मुरूम यांचा व्यवहार ब्रासमध्ये होतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि वाळूचा एक ब्रास साधारण साडेचार टन भरतो, ओली असेल तर आणखी. ‘पाच ब्रासची गाडी’ म्हणून जो हायवा बांधकामावर येतो त्यात साडेबावीस टन वाळू आणि गाडीचे स्वतःचे दहा-अकरा टन. दहाचाकी असेल तर ती मर्यादेच्या चार-पाच टन वर आहे, आणि हे ती घेणाऱ्या बिल्डरला, विकणाऱ्याला, रॉयल्टी भरून घेणाऱ्याला सगळ्यांना रोजच्या रोज माहीत आहे. पावतीवर ब्रास, कायद्यात टन. महसूल खात्याने वाहतूक पासावर गाडीच्या नंबरासमोर टनही छापायला सांगितले तर यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही.

आजही कायद्याची भाषा इतकी तोकडी नाही. कलम १९४ मध्ये गाडी चालवणाऱ्याबरोबर ती तशी चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही येतो, आणि कलम ११३ प्रमाणे चालक मालक नसेल तर मालकाच्या माहितीने हे झाले असे न्यायालय गृहीत धरू शकते. मालकाच्या वर मात्र हात जात नाही. ज्याच्या आवारात, ज्याच्या काट्यावर, ज्याच्या मुकादमाच्या देखरेखीखाली माल भरला गेला, तो माल पाठवणारा साक्षीदार म्हणूनही उभा राहत नाही. ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक राज्यांत अवजड वाहनांच्या कायद्याने जबाबदारीची साखळी धरली आहे. माल पाठवणारा, भरणारा, खेपांचे वेळापत्रक आखणारा, सगळे त्यात येतात. आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये चालक रस्त्यावर उतरले, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, तेव्हा वाद होता तो अपघात करून पळून गेल्यास चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद देणाऱ्या नव्या कलमाचा. पळून जाणाऱ्याला शिक्षा व्हावी, यात दुमत नाही. पण १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांचे काम सांगितले होते, आणि सोळा-अठरा तास गाडी हाकणाऱ्याला त्या गाडीत माल कोंबणाऱ्याचे नाव कुठल्याही आरोपपत्रात कधी दिसत नाही. हा अन्याय चालकांच्या संतापात होता. तो शब्दांत मात्र आला नाही.

महागाई वाढेल, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. वरच्याच उदाहरणात टनामागे ५०० रुपये वाढतात, म्हणजे किलोमागे ५० पैसे. कांदा, गहू, साखर यांच्या दरात ही वाढ दिसणारही नाही. आठवड्याचे चढउतार याहून कितीतरी मोठे असतात. सिमेंटच्या पोत्याला २५ रुपये. वाळूच्या ब्रासला मात्र दोन हजारांहून अधिक वाढतील, आणि घर बांधणाऱ्याला ते जाणवतील. ते जाणवू देत. ती त्या घराची खरी किंमत आहे. आज तिचा काही भाग नदीकाठच्या गावातला रस्ता आणि त्या रस्त्यावरून शाळेत जाणारी पोरे भरतात. गोव्यात २०१२ च्या खाणबंदीपूर्वी सावर्डे-कुडचडे, उसगाव या पट्ट्यातल्या लोकांनी फेऱ्यांवर पैसे घेणाऱ्या खनिजाच्या ट्रकांबरोबर वर्षानुवर्षे जगून पाहिले आहे. लाल धुळीने माखलेले ते रस्ते आणि त्यांवरचे बळी कुठल्याही निर्यातीच्या भावात धरलेले नव्हते.

सुरुवात कुठून करावी, असे विचारले तर मी उसापासून म्हणेन. कारण तिथे माल भरणारा, तोलणारा आणि वाहतुकीचे पैसे देणारा एकच आहे, साखर कारखाना, आणि तो पुष्कळदा सहकाराच्या नावाने शेतकऱ्यांचाच आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या उसाच्या पैशांतून वजा होतो. वाहतूकदार कारखान्याकडून हंगामाआधी उचल घेतो, करार करतो, आणि टनावर पैसे घेतो. गव्हाणीत ऊस पडण्याआधी प्रत्येक ट्रक, प्रत्येक ट्रेलर काट्यावरून जातो, आणि त्याचे वजन संगणकात जाते. दर हंगामाला कारखान्याला साखर आयुक्तालयाकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. परवानगीपेक्षा जास्त भरून आलेल्या खेपेच्या जादा टनांचे वाहतूक भाडे द्यायचे नाही, अशी एक अट त्या परवान्यात घालता येईल. ऊस शेतकऱ्याचा आहे, त्याचे पैसे पूर्ण मिळावेत. भाडे मात्र परवानगीपुरतेच. जादा भरण्यात काही मिळेनासे झाले की मोळ्या तीन माणसांच्या उंचीवर कोण चढवेल?

कारखाने म्हणतील, खेपा वाढतील, गाड्या कमी पडतील, ऊस फडात वाळेल. खेपा वाढतील हे खरे आहे, आणि त्यासाठी टनाचा वाहतूक दरही वाढवावा लागेल. पण आज कारखान्याच्या दारात गाड्या दहा-दहा तास रांगेत उभ्या असतात. तो वेळ तोडणीचा कार्यक्रम नीट आखून वाचवला तर त्याच गाडीची जास्तीची खेप तिथूनच निघते. मागे लाल दिवा आणि रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रेलरला काट्यावर घ्यायचेच नाही, हे तर उद्यापासून करता येईल. हंगामाच्या तोंडावर रिफ्लेक्टर वाटण्याचे कार्यक्रम होतात, छायाचित्रे छापून येतात, आणि डिसेंबरात त्यांवर चिखल बसलेला असतो. पहिल्या पंधरवड्यात दंड, जप्ती काही नको. प्रत्येक कारखान्याने काटाघराबाहेर, जिथे ऊसदराची पाटी लागते त्याच भिंतीवर, रोज एक यादी लावावी: गाडीचा नंबर, तिला परवानगी किती टनांची, आज तिने आणले किती, आणि ती कुठल्या गावच्या रस्त्याने आली.